दोन रिंगांचा निरोप

मल्लेश्वरमला कॉफीपूड दळून विकणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर आमची कंपनी होती. कंपनी हा शब्द सरांचा. प्रत्यक्षात दोन खोल्या, जुने कॉम्प्युटर, सर, मी, माझ्यासारखेच काही नवशिके आणि एकच टेलिफोन लाइन. सर पुण्याचे. भली नोकरी सोडून त्यांनी हा संसार मांडला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बंगलोरात असे संसार गल्लोगल्ली दिसायचे. मी नागपूरची, नुकती इंजिनिअर झालेली, आणि तोंडाने फटकळ. खालून येणाऱ्या कॉफीच्या वासाने दिवसभर डोकं तरतरीत राहायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याच वासाने ते उठायचं.

आमचं गिऱ्हाईक एकच होतं. पीण्या या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गिअर कापायचा कारखाना आणि शहराच्या दुसऱ्या टोकापलीकडे, होसकोट्याला, ते गिअर बसवून यंत्रं जोडायचा दुसरा. होसकोट्याच्या ऑपरेटरने कॉम्प्युटरवर मागणी टाइप करायची आणि ती मोडेमच्या डबीतून, टेलिफोनच्या तारेवरून, पीण्याला पोचायची, असा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. पीण्याला मात्र त्यासाठी वेगळी लाइन अजून मिळालेली नव्हती. अर्ज देऊन मालक वाट बघत बसले होते. तोवर पीण्याचं सोंग आमचं ऑफिस वठवायचं. मागणी आमच्याकडे यायची, आम्ही ती कागदावर छापायचो आणि त्यांचा माणूस तो कागद घेऊन स्कूटरवरून पीण्याला जायचा. एकविसावं शतक दाराशी आलंय असं सर म्हणायचे तेव्हा मला ती स्कूटरच दिसायची.

माझ्या वाट्याला आलेला भाग कुणालाच नको होता. काही बिघडलं तर काय करायचं, आणि केलेली मागणी रद्द करायची असेल तर काय करायचं. सगळं सुरळीत चालेल तेव्हाचा प्रोग्राम लिहायला सगळे एका पायावर तयार. बिघडेल तेव्हाचा लिहायला मी. होसकोट्याची लाइन मुळात खरखरणारी, त्यात तिथला ऑपरेटर उतावळा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पन्नाशीचा, फार सभ्य माणूस होता तो, "मॅडम, मॅडम" करून बोलायचा. पण थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. जरा उशीर झाला की तो एस्केपचं बटण दाबून मागणी रद्द करायचा आणि पुन्हा टाकायचा. त्याच्या स्क्रीनवर "रद्द" असं यायचं. इकडे पीण्याला मात्र रद्द झालेले गिअर कापून तयार असायचे. मालकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ते सरांना फोन करायचे. मग सर माझ्याकडे बघायचे.

सरांना मी ते समोरच्या उडुपी हॉटेलातच समजावून सांगितलं होतं. आपण मसाला डोसा सांगतो. मग विचार बदलतो आणि वेटरला म्हणतो, राहू दे. वेटर तिथूनच आत ओरडतो, "मसाला कॅन्सल!" आपल्याला वाटतं, झालं रद्द. पण आत डोसा तव्यावर पडलाय की नाही, हे आत जाऊन बघितल्याशिवाय कुणाला कळणार? रद्द करणं हीसुद्धा एक विनंतीच असते. ती कधी वेळेत पोचते, कधी उशिरा पोचते, कधी पोचतच नाही. म्हणून वेटरने परत येऊन सांगेपर्यंत आपण टेबल सोडायचं नाही. आणि सगळ्यात वाईट केव्हा, तर वेटर परतच येत नाही तेव्हा. डोसा होतोय की नाही, आपण बसावं की उठावं, काहीच कळत नाही. आमच्या भाषेत त्याला टाइमआउट म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच, की काय झालं ते माहीत नाही. सर म्हणाले, "पॉइंट आहे तुझा. लिही तसं." आणि माझ्याच ताटलीतला वडा उचलून त्यांनी खाल्ला.

त्याच सुमाराला नागपूरला बाबा आजारी पडले. पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून दाखल झाले, ऑपरेशन नीट झालं आणि मग आत कुठेतरी पू झाला. ताप उतरेना. मी एकुलती एक. आई एकटी दवाखान्यात आणि घरात फेऱ्या मारत होती. मी पहिल्या दिवशीच गाडीचं तिकीट काढलं.

आईचा फोन आला. दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती, घाईघाईने, कारण समोर मीटर पळत होतं. "ताप उतरून राहिला आहे. तू आत्ता नको येऊ. बाबाच म्हणतात. नोकरी नवी आहे नं तुझी." मी भांडले. ती म्हणाली, "रोज कळवते मी. डॉक्टर चारच्या आत येऊन जातात. मग मी दोन रिंगा देते. तू उचलू नको बरं का, उगाच मीटर पडतं."

दोन रिंगा देणं त्या काळात घरोघरी चालायचं. पाहुणा गावी पोचला की दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा. इकडच्यांनी उचलायचा नाही, नुसता ऐकायचा आणि म्हणायचं, पोचले बरं का सुखरूप. उचललाच नाही तर पैसे कसले? आमच्याकडे आईने हे शास्त्रच करून ठेवलं होतं. दोन रिंगा आणि गप्प, म्हणजे सगळं ठीक. तिसरी रिंग वाजली, की धावत जाऊन उचलायचा, कारण मग काहीतरी बोलायचंच असणार. या वेळी तिने त्याला एकच अर्थ दिला. "तिसरी वाजली तर उचल. मग मी सांगीन ते ऐक, आन् निघ."

पहिल्या दिवशी चारनंतर थोड्या वेळाने फोन वाजला. दोनदा. आणि थांबला. ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हसले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द करून आले. खिडकीतल्या बाईने माझा कागद घेतला, बटण दाबलं आणि जागा गेली. तिथे कुणाला आत जाऊन विचारून यावं लागलं नाही. रद्द करणं इतकं चोख मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मी जिथे राहायचे त्या घरच्या अक्का देव पाण्यात घालून बसल्या होत्या. मूळचे साताऱ्याकडचे लोक, पण तीन पिढ्या बंगलोरात गेलेल्या, त्यामुळे मराठीत निम्मं कानडी. "आज रिंग आला का गं?" मी आत पाऊल टाकलं की विचारायच्या. मी आला म्हटलं की, "सरी, सरी, बरं झालं. आता स्वल्प जेव तरी." त्यांच्याकडे फोन नव्हता. असता तर कदाचित मला हे काही लिहावंच लागलं नसतं.

मग शेवटची चाचणी आली. तोवर होसकोट्याला आम्हीच इकडून फोन लावायचो. आता खरं काम चालेल तसं होणार होतं, म्हणजे होसकोट्याच्या ऑपरेटरने मनात येईल तेव्हा फोन लावायचा आणि आमच्या मोडेमने तो आपोआप उचलायचा. पहिल्याच रिंगला, कारण जास्त थांबलं तर आमचा तो सभ्य गृहस्थ एस्केप मारणार. आणि मोडेमचा इकडचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा, कारण जोडला जाताना तो जी किंकाळी फोडायचा तिने मालकांचं डोकं दुखायचं. मोडेमने फोन उचलला की डबीवरचा तांबडा दिवा लागायचा आणि शेजारचा टेलिफोन मुका व्हायचा. रिसीव्हर उचलला तरी त्यात काहीच ऐकू यायचं नाही.

मी सरांना म्हटलं, "चार वाजता माझ्या आईच्या रिंगा येतात. पहिल्याच रिंगला उचललं तर मला कळणार कसं, दोन वाजणार होत्या की जास्त?"

सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अगं, सोप्पं आहे. चारच्या आधी ऑटो-आन्सर बंद कर, तिचा कॉल झाला की परत ऑन कर. होसकोटेवाल्याला मी सांगून ठेवतो, तेवढा वेळ लावू नको म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही टेस्ट पास झाली की तू जा. हवं तितके दिवस राहा. फक्त ही होऊ दे. ही गेली तर आपण सगळेच घरी."

मी विश्वास ठेवला. ठेवण्यासारखंच होतं ते.

त्या दिवशी चार वाजायला आले तेव्हा होसकोट्याची एक मागणी अर्धवट लटकली होती. लाइन मधेच तुटली होती आणि आमचा प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसला होता. मी ती वाट बघणं रद्द केलं. रद्द झाल्याचं स्क्रीनवर आलं. मग मोडेमला सांगितलं, आता उचलू नकोस. त्याने "ओके" म्हटलं. मी हात मांडीवर ठेवून टेलिफोनसमोर बसले.

पुढे काय झालं ते मला नंतर सावकाश कळलं, पण इथेच सांगते. रद्द केलेली मागणी मेली नव्हती. रद्द केलेल्या गोष्टीलाही कधीतरी संपावं लागतं, आणि ती संपताना परत येऊन सांगते, की मी संपले. ते सांगणं थोडं उशिरा आलं आणि एरर म्हणून आलं. एरर आली की सावरायचं कसं, तो भाग सरांनी लिहिला होता. त्यांचं तत्त्व असं, की काही बिघडलं की सगळं पहिल्यासारखं करून टाकायचं, नवा गडी नवं राज्य. प्रोग्रामने इमानदारीत मोडेमला पहिल्यासारखं केलं. आणि पहिल्यासारखं म्हणजे, पहिल्या रिंगला उचल.

फोन वाजला. पुरता वाजलाही नाही. अर्धी रिंग झाली आणि तांबडा दिवा लागला.

मी रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही, खरखरसुद्धा नाही. "सर!" म्हणून मी एवढ्या जोरात ओरडले, की खालचं दळण थांबलं. दिवा लागलेलाच होता. मी एकामागून एक बटणं दाबत राहिले. स्क्रीन माझं ऐकेना, कारण मोडेम समोरच्या मोडेमला शोधत होता आणि शोधून झाल्याशिवाय तो कुणाचंच ऐकत नाही. मग "समोर कुणी नाही" अशा अर्थाची ओळ आली आणि दिवा गेला. मी मोडेमची वायर उपटायला टेबलाखाली वाकले. तेवढ्यात पुन्हा अर्धी रिंग. पुन्हा दिवा.

टेबलाखाली वायरींचं जाळं झालेलं होतं. कुठली कुठे जाते ते घाईत कळेना. चुकीची वायर उपटली, तर समोरचा स्क्रीन काळा झाला. शेवटी बरोबर वायर हाती आली तोवर दिवा आपणच विझला होता. मी लाइन काढून सरळ टेलिफोनला जोडली आणि जमिनीवरच बसून राहिले, टेलिफोन मांडीवर घेऊन.

आई होती का ती? आईच असणार. पण दोन रिंगा देऊन ठेवणारी आई होती, की तिसरी रिंग देणारी? फोन किती वेळ वाजणार होता, यातच सगळी बातमी होती, आणि मोडेमने नेमकं तेच खाल्लं होतं. दोनदा का लावला तिने? ठीक असेल तर एकदा बिनसल्यावर पुन्हा लावेलच की. ठीक नसेल तरीही लावेलच. मी कुठल्याही बाजूने विचार केला तरी तिथेच येऊन पोचत होते. मी देवाला म्हटलं, एकदा वाजव. कसाही वाजव, पण पूर्ण वाजव. सर दारात उभे होते. ते काही बोलले असते तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

फोन वाजला.

मी हात रिसीव्हरवर ठेवला. एक रिंग. दुसरी रिंग. तिसरी आली नाही.

मी रडायला लागले. सरही खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघ. ऑल ओके." आणि सगळं किती नीट बसत होतं! आईने लावला, मोडेमने उचलला, तिला काहीतरी विचित्र ऐकू आलं, तिने ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र फोन सरळ वाजला आणि तिने नेहमीसारख्या दोन रिंगा देऊन ठेवला. मी डोळे पुसले, मोडेम पुन्हा जोडला, चाचणी पुढे सुरू झाली. नागपुरावरून जाणारी गाडी संध्याकाळी सुटते आणि ती रोज नसते. त्या दिवशी ती होती. ती सुटली तेव्हा मी होसकोट्याच्या मागण्या तपासत होते आणि एकही चुकलेली नव्हती. घरी गेल्यावर अक्कांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आला." त्यांनी त्या दिवशी गोड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी होसकोट्याला गेलो, तिकडच्या बाजूची चाचणी करायला. ऑपरेटरने आमच्यासाठी कॉफी मागवली, खुर्ची पुसून दिली. मग जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, कल चार बजे के बाद आपका फोन उठा ही नहीं."

मी म्हटलं, "कल चार बजे तो आपको लगाना ही नहीं था."

"हां, साब ने बोला था," तो म्हणाला. "लेकिन अर्जंट ऑर्डर था. लगाया, दो घंटी बजी, उठा नहीं. सुबह से तो पहली घंटी में उठ रहा था ना. तो मैंने एस्केप मार दिया." आणि माझा चेहरा पाहून त्याने घाईने सांगितलं, "ठीक हुआ, मॅडम. स्क्रीन पे आ गया था, रद्द."

माझ्या हातातली कॉफी मी टेबलावर ठेवली. ती सांडलीही नाही, हे मला अजून आठवतं. मी त्याला दोनदा विचारलं, नक्की चारनंतर? नक्की दोन घंट्या? तो बिचारा दोन्हीला हो म्हणाला. त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? त्याने फोन लावला आणि रद्द केला. त्याला कुठे माहीत, की त्याच्या रद्द करण्याचा मी काय अर्थ लावला होता! त्या दोन रिंगा आईच्या नव्हत्या. आईचा निरोप आधीच येऊन गेला होता आणि त्यातलं काहीही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

रस्त्यावर बूथ होता. नागपूरला आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तो नंबर मी लावला. "इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं." ती बाई हे इतकं शांतपणे सांगायची, की तिचा गळा धरावासा वाटायचा. मी ठेवला, पुन्हा लावला. इस मार्ग की सभी लाइनें. पुन्हा लावला. मागे रांग झाली. बूथवरची बाई म्हणाली, "अम्मा, स्वल्प वेट माडी, आमेले माडी." नंतर कर, जरा थांब. मी मराठीतच तिच्यावर भडकले आणि पुन्हा नंबर फिरवला. रोज मी प्रोग्रामला शिकवत होते, की उत्तर आलं नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि कधी थांबायचं. स्वतःला मात्र मला थांबवता येईना. शेवटी सरांनी येऊन माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"तू निघ," ते म्हणाले. "टेस्टचं मी बघतो." चाचणी, मालक, कंपनी, यातलं काहीही ते बोलले नाहीत. त्यांनी मला ऑटोत बसवलं आणि ऑटोवाल्याशी भांडून त्याला माझ्या घरी आणि तिथून बसस्टँडला नेऊन सोडायला लावलं.

गाडी त्या दिवशी नव्हती. बसने हैदराबाद, तिथून मिळेल त्या गाडीने नागपूर. डब्यात बसायला जागा नव्हती, दाराशी पोत्यावर बसले. वाटेत स्टेशनांवर बूथ होते. पिवळ्या पाट्या लांबूनही दिसायच्या. मी एकाही बूथवर उतरले नाही. होसकोट्याला मी फोनसाठी जीव टाकत होते आणि आता लागेल या भीतीने पाय उचलत नव्हता. कळलं नाही तोवर बाबा आहेत, असा माझा हिशेब होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी तेवढीच होती. खिडकीतून दिसणारा प्रत्येक म्हातारा मला बाबांसारखा दिसत होता आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

घरासमोर चपलांचा ढीग होता. मी तो रिक्षातूनच पाहिला.

बाबांना सकाळीच नेलं होतं. नातेवाइकांनी माझ्यासाठी थांबून पाहिलं, मग आणखी थांबता आलं नाही. खोलीत बायका बसल्या होत्या. त्या सरकल्या आणि मी आईच्या शेजारी बसले. तिने मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मग एकदम बोलायला लागली, शांत, जणू ही गोष्ट कुणातरी दुसऱ्याची होती.

"परवा दुपारी फार बिघडलं. तुझंच नाव घेऊन राहिले होते. मी धावत जाऊन फोन लावला. तुमच्याकडे शिट्टी वाजली, मामाकडच्या फोनला वाजते न, तशी. घरी कोणी नसलं की शिट्टी वाजते आन् मग आपण बोलायचं, तसं. मला वाटलं, तू लावलं असशील तसं यंत्र, तुझं तेच तर काम आहे. म्हणून बोलली मी. बाबांचं बरं नाही, आत्ताच्या गाडीनं निघ, म्हटलं. मधेच कट झाला. मग पुन्हा लावून पुन्हा सगळं सांगितलं, नीट, हळूहळू. वर गेली तर विचारलं त्यांनी, कळवलं का? म्हटलं, कळवलं, निघाली ती. मग शांत पडून राहिले. दाराकडे तोंड करून."

मला तो तांबडा दिवा दिसला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, आवाज बंद केलेल्या त्या डबीत आई हळूहळू, नीट सांगत होती, आणि मी टेबलाखाली वायर शोधत होते.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भेटला होता नं निरोप?"

खरं सांगायचं तर दोनच शब्द लागले असते. नाही मिळाला. मग ती एका बंद डबीशी बोलली होती आणि बाबांना तिने खोटं सांगितलं होतं. दाराकडे तोंड करून पडलेल्या माणसाला. तिचं पुढचं सगळं आयुष्य ती तेवढ्या एका वाक्यापाशी बसून काढेल, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला घाई करावी लागली.

"मिळाला," मी म्हटलं.

तिने सुस्कारा सोडला. बायकांपैकी कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. मग आईने जे विचारलं ते ती विचारणारच होती.

"मग परवाच काहून नाही निघाली?"

"सुटी नाही मिळाली," मी म्हटलं.

आईचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. तो थांबला.